माझं पोट, माझा हात

मी माझ्या मुलीच्या कानाखाली मारली, त्या दिवसापासून सांगते. त्याआधीची बावीस वर्षं पोट दुखतच होतं, पण त्या वर्षांत सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

गार्गी तेव्हा आठ वर्षांची होती. माझ्या पाळीचा दुसरा दिवस. मी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन, गरम पाण्याची पिशवी दाबून पडले होते. पोर शाळेतून आली ती पळतच. चित्रकलेत पहिला नंबर आला होता. ते सांगायला तिनं थेट पलंगावर उडी मारली. पलंग हादरला, तो हादरा माझ्या ओटीपोटात शिरला आणि माझा हात उठला. मी प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे, आयटीआयपासून हातोडा धरते. हा हात तिच्या गालावर बसला तशी ती पलंगावरून खाली गेली. कानातली रिंग पलंगाच्या कडेला अडकली आणि कान खालून फाटला.

ती रडली नाही. कानाला हात लावून, बोटांवरचं रक्त बघून ती माझ्याकडे बघत राहिली. सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. नवरा, सुधीर, तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेला आणि मी ओढणी पोटाला आवळून मागोमाग गेले. दोन टाके पडले. कसं लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सायकलवरून पडली असं सुधीर म्हणाला. मी मान डोलावली. मग गार्गीनंही डोलावली. मारल्याची लाज वाटतेच, पण तिच्या त्या मान डोलावण्याची मला जास्त वाटते.

हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या दातओठ खाऊन महिना काढणाऱ्या बायकांसाठी. काय खाल्लं आणि काय सोडलं ते सगळं सांगेन. पण ज्यांना फक्त पाककृती हव्यात त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

शिलेदारांची सून

आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात. सासरचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते. त्यांच्यातला कुणी एकजण मांडीत भाला रुतलेला असताना छावणीपर्यंत घोडा हाकत आला होता म्हणे. ही गोष्ट लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मी फरशीवर लोळत असताना, सासूबाईंनी मला उशाशी बसून सांगितली. मला धीर यावा हा त्यांचा हेतू. मी मनात म्हटलं, तो शहाणा एकदाच आला, मला दर महिन्याला यायचंय.

दुखणं कसं होतं ते माझ्या कामाच्या भाषेत सांगते. गंजून बसलेला बोल्ट निघत नसला की आम्ही पान्याला पाइप चढवतो आणि दोघं मिळून अंगाचा सगळा भार टाकतो. तो बोल्ट फिरताना जसा किंचाळतो, तसं माझ्या आत व्हायचं. संडासला बसणं ही तर वेगळीच शिक्षा होती. कुणीतरी आतून काच ओढत नेतंय असं वाटायचं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल धरायचे. एका टॉवेलला दातांनी आरपार भोक पडलं होतं.

आणि मी फोडायचे. बाथरूमची बादली लाथेनं फोडली, नळ मुळातून उपटला, मिक्सरचं भांडं भिंतीवर मारलं. सुधीर पाठ चोळायला आला तर त्याच्या दंडाला चावले, तो डाग अजून आहे. सासूबाईंनी न बोलता काचेचे पेले माळ्यावर टाकले आणि घरात सगळं स्टील आणलं. चार दिवस संपले की मी गोगलगाय. सगळ्यांची माफी मागायची, चिकनचा रस्सा करायचा आणि पुढच्या महिन्याची वाट बघायची.

सगळे सांगायचे, सगळ्यांनाच दुखतं. लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. मूल झालं की थांबेल. मूल झालं, दीडेक वर्ष खरंच बरं होतं, आणि मग ते दुप्पट जोरानं परत आलं.

कान फाटल्याच्या दुसऱ्या दिवशी रेखाताई आल्या. सुधीरच्या थोरल्या बहीण, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहतात. त्यांनी पट्टी बघितली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि गार्गीचा युनिफॉर्म पिशवीत भरला. यापुढे दर महिन्याला ते चार दिवस पोर त्यांच्याकडे राहील असं त्यांनी जाहीर केलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी बोलायला मला तोंड नव्हतं.

निघताना सासूबाईंनी नातीला जवळ घेतलं. "आई नाही गं मारत, बाळा. तिचं दुखणं मारतं."

हे वाक्य घरात सगळ्यांना आवडलं. मला सर्वांत जास्त आवडलं.

नाव

त्याच आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो किती वर्षं दुखतंय हा. बावीस म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. सोनोग्राफी झाली, आणखी एक मोठी तपासणी झाली, आणि तिसऱ्या भेटीत त्यांनी नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी बाहेर, आतड्यावर वगैरे, जिथं असायला नको तिथं वाढतं. माझं आतडं आणि गर्भाशय एकमेकांना चिकटून बसलं होतं. अंडाशयावरच्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात हे ऐकून मला हसूच फुटलं. बावीस वर्षं बोंबलले आणि निघालं काय, तर चॉकलेट.

आजाराचं नाव कळल्यावर माणूस घाबरतो म्हणतात. मला भयंकर राग आला. पोटाचं सोंग करते म्हणून भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावणारी शाळेतली बाई, गोळ्यांची पुडी देताना डोळा मारणारा कंपाउंडर, सहन करायला शीक म्हणणारी सख्खी मावशी, या सगळ्यांच्या घरी जाऊन एकेकाला धरून बदडावंसं वाटलं. पार्किंगमध्ये आल्यावर मी एका अनोळखी माणसाच्या स्कूटरला लाथ घातली. ती आडवी झाली. सुधीरनं ती मुकाट्यानं उभी केली, आरसा सरळ केला आणि मला म्हणाला, चल.

गाळ बोल

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पोटाला तीन छोटी भोकं, पण जीव गेला तो खांद्यात. पोट फुगवायला गॅस भरतात तो वर खांद्याशी जाऊन बसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. सकाळी पाचला सिस्टर ताप बघायला उठवायची, सहाला पुसायला बाई, सातला चहा, आठला डॉक्टरांची फेरी. पलीकडच्या खाटेवरची बाई दिवसभर फोनवर मुलीच्या साखरपुड्याचं ठरवत होती.

दुसऱ्या दिवशी मला संडासला नेताना आयाबेन बरोबर आल्या. मी दात आवळून उभी आहे हे बघून त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "गाळ बोल, बेन. मनमां ना राख."

शिव्या दे, मनात ठेवू नकोस. मग मी दिल्या. वर्कशॉपमध्ये इतक्या वर्षांत जेवढ्या कानावर पडल्या होत्या तेवढ्या सगळ्या, अस्सल मराठीत. त्या माउलीला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण मध्येमध्ये "बराबर" म्हणत त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या. त्या दवाखान्यातली सर्वांत मोठी दया मला त्या संडासात मिळाली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, सगळं काढता आलेलं नाही. आतड्यावरचं थोडं ठेवावं लागलं. गोळ्या चालू राहतील, तरी हे परत डोकं वर काढू शकतं.

अट

तीन महिने बरे गेले. चौथ्या महिन्यात त्यानं डोकं वर काढलं. संडासच्या वेळची ती काच परत आली आणि मी देवघराशेजारचं स्टूल आपटून त्याचा पाय मोडला. गार्गी अर्थातच रेखाताईंकडे होती. आता तिला सांगावंही लागत नव्हतं. कॅलेंडरवर मी करते तशी खूण ती आपल्या वहीत करायची आणि आदल्या दिवशी स्वतःच पिशवी भरायची.

रेखाताईंचं क्वार्टर माझ्या वर्कशॉपच्या रस्त्यावर पडतं. पाळीच्या तिसऱ्या दिवशी मी कामावर जायचे तेव्हा त्यांच्या गॅलरीत गार्गीचा युनिफॉर्म वाळत असायचा. वर जायची मनाई कुणी केली नव्हती. पण एकदा मी अर्ध्या जिन्यात गेले आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं. घरी त्या दिवसांत ती कधी हसल्याचं मला आठवेना. मी परत फिरले.

त्या संध्याकाळी सुधीर वाघोडियाहून, कंपनीच्या बसनं, पहिली शिफ्ट करून आला तेव्हा मी त्याला म्हटलं, माझी पोर मला घरी हवी. तो शांत माणूस आहे. त्यानं आधी बूट काढून जागेवर ठेवले.

"सलग तीन महिने," तो म्हणाला. "त्या दिवसांत काही फुटलं नाही, कुणाला लागलं नाही, की गार्गी घरी राहील. आधी नाही. मला तू हवीस, पण मला तिचे दोन्ही कानही हवेत."

मला त्याचा राग आला. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, म्हणून जास्त आला.

उपवासाचं सगळं चालतं

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या आणि आहारतज्ज्ञ बेनकडे पाठवलं. या बेन गुजराती, बारीक, कडक. खाण्यानं हा आजार जात नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. आतड्याची आग कमी झाली तर दुखणं थोडं आटोक्यात येतं, एवढंच. सहा आठवडे गहू बंद, दूध बंद, साखर आणि मैदा बंद, तळण बंद. रोज काय खाल्लं आणि किती दुखलं ते वहीत लिहायचं. त्यांनी कागद दिला. त्यात काय खायचं नाही ते वर मोठ्या अक्षरात होतं. काय खायचं ते मागच्या बाजूला होतं, आणि कागद उलटायची अक्कल आम्हाला सुचली नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. गहू नाही, दूध नाही, मैदा नाही. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे उपवासच की. अगं, मग घाबरतेस कशाला? चाळीस वर्षं करतेय मी. उपवासाचं सगळं चालतं तुला."

हसू नका. जेवणातून धान्य काढायचं म्हटलं की मराठी घरात दुसरं काही सुचतच नाही. आणि जे देवाला चालतं ते पोटाला बाधेल असं कुणाच्या मनात येणार? मी स्वतः वर्कशॉपमध्ये मोजमाप करून काम करणारी बाई, पण मलाही ते हलकं आणि पवित्र वाटलं.

मग सुरू झालं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरई आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी उकडलेला बटाटा, मध्ये राजगिऱ्याचा लाडू. सासूबाई साठीच्या, पण इतक्या उत्साहानं वावरत होत्या की जणू घरात कायमची एकादशी आली. साखर बंद म्हणून लाडवात गूळ, कारण गूळ म्हणजे साखर नव्हे. दूध बंद म्हणून दही, कारण दही म्हणजे दूध नव्हे. बडोद्यात तर काय, फरसाणाच्या प्रत्येक दुकानात फराळी चिवडा आणि फराळी पॅटिस हजर. सुधीर येताना घेऊन यायचा. तळण बंद आहे हे आम्हा तिघांच्याही ध्यानात नव्हतं, पुडीवर फराळी लिहिलेलं होतं ना.

वर्कशॉपमध्ये डबा उघडला की लोक विचारायचे, कसलं व्रत? एक दिवस, दोन दिवस, वीस दिवस. स्टोअरमधली भावनाबेन माझ्यासमोर कांदा खायची बंद झाली. एरवी मला शिव्या घालणारा आमचा सुपरवायझर आदरानं बोलायला लागला. मलाही वाटायला लागलं की मी काहीतरी मोठं करते आहे आणि देव हे बघतो आहे.

ताट

त्या महिन्यात पाळी आली तेव्हा मला पाच दिवस संडासला झालेलं नव्हतं. साबुदाणा आणि बटाटा आत सिमेंट होऊन बसला होता आणि त्यावर ते चिकटलेलं आतडं पिळवटत होतं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी फरशीवर डोकं आपटत होते. खरंच आपटत होते, कारण कपाळ दुखलं की क्षणभर पोट दुखायचं थांबायचं.

सासूबाई ताट घेऊन आल्या. गरम खिचडी, वर ओलं खोबरं. एक घास खा, अंगात ताकद येईल, म्हणून त्यांनी तो माझ्या तोंडाशी आणला. मी ताट हिसकावलं आणि फेकलं. ते त्यांच्या डोक्याच्या वीतभर बाजूनं जाऊन भिंतीवर आदळलं. भिंतीवर साबुदाणा चिकटला. त्यांच्या केसांत खोबरं पडलं.

त्या हलल्या नाहीत. भाला लागलेल्या त्या पूर्वजाला मी बघितलं नाही, पण त्या दिवशी त्या बाईला बघितलं. त्या खाली बसल्या, सांडलेलं हातानं गोळा करायला लागल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मारायचंच असेल तर मला मारत जा. मी म्हातारी आहे. पण पोरीला नको."

मला कुणी भोसकलं असतं तर परवडलं असतं. मी पालथी पडून राहिले. तीन महिन्यांतला पहिलाच महिना गेला होता. सुधीर आला, भिंत बघितली, आईचं डोकं बघितलं आणि फडकं घेऊन भिंत पुसायला लागला. त्यानं काही मोजून दाखवलं नाही, तेवढी त्याची दया.

कागदाची मागची बाजू

पुढच्या भेटीला मी सासूबाईंना बरोबर नेलं. बेननी माझी वही उघडली. साबुदाणा, साबुदाणा, बटाटा, वरई, साबुदाणावडा, बटाटा. त्या पानं उलटत गेल्या आणि त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

"में उपवास क्यारे कह्यो?" उपवास मी कधी सांगितला, असं त्यांनी विचारलं.

सासूबाई माघार घेणाऱ्यातल्या नव्हत्या. गहू नाही, दूध नाही म्हणजे उपवास नाही तर काय, असं त्यांनी आपल्या बडोदी गुजरातीत ठणकावलं. बेन आधी हसल्या, मग चिडल्या. आतड्याला चोथा हवा, पालेभाजी हवी, डाळ हवी, आणि तुम्ही हिला वीस दिवस नुसती खळ पाजलीत, म्हणाल्या. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर आपटला. मागच्या बाजूला लिहिलं होतं: ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, सगळ्या डाळी, भाज्या, मासे, जवस, तीळ, हळद, आलं.

सासूबाईंनी ती यादी वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांचं माहेर खानदेशातलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, जवसाची चटणी, हे त्यांच्या माहेरी रोजचं खाणं होतं. लग्न होऊन बडोद्याला आल्यावर, शिलेदारांच्या घरात पोळी खातात म्हणून त्यांनी ते हौसेनं सोडलं होतं. घर आल्यावर एवढंच म्हणाल्या की त्यांच्या आईला कधी असलं दुखल्याचं त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या आईला दुखलं असतं तरी तिनं सांगितलं असतं का, हे मी विचारलं नाही. पण त्या त्याच संध्याकाळी ज्वारी निवडायला बसल्या.

चहा, भाकरी आणि श्रीखंड

आता खरं सांगते. गहू सोडणं सोपं गेलं. दूध-साखरेचा चहा सोडताना मी माणसातून उठले. पहिल्या आठवड्यात डोकं इतकं ठणकायचं की मी सुपरवायझरच्या टेबलावर पाना आपटला आणि त्याचा माझ्याबद्दलचा सगळा आदर एका झटक्यात संपला. भाकरी मला थापता येत नव्हती. माझ्या हाताखाली ती फाटायची. हे लोखंड नाही, हळू, असं सासूबाई सांगत राहिल्या. शेवटी मी लाटून करायला लागले आणि त्यांनी ते न बघितल्यासारखं केलं.

पुढच्या महिन्यात दुखलं, पण उभं राहता आलं. पोट रोज साफ होत होतं, त्यामुळे ती काच निम्मी झाली. काही फुटलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात स्टीलचा पेला खाली पडला. सुधीरनं विचारलं, पडला की टाकला? पडला म्हणता आलं असतं, स्टीलला काय, पोचा आला होता फक्त. मी टाकला होता. तसं सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात झाली.

मध्ये एक लग्न झालं. पुरी आणि केशरी श्रीखंड. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि परत तिसरी मागितली, कुणी आग्रह केला नव्हता. त्या महिन्यात श्रीखंडानं सूड उगवला. दोन दिवस मी बाथरूमला कडी लावून आत बसले आणि हात टॉवेलनं बांधून घेतले. हे मी स्वतःच केलं, कुणी सांगितलं नव्हतं. फुटलं काही नाही.

माझ्या अनुभवानं सांगते. दूध सोडल्याचा फायदा मला नक्की झाला. गव्हाचं नक्की सांगता येत नाही, कदाचित फायदा पोळीऐवजी ताटात आलेल्या भाजीचा असेल. तुमच्या पोटाचं वेगळं असू शकतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. गोळ्या मी सोडलेल्या नाहीत. जवसाच्या चटणीनं बरं झालं म्हणणारे भेटले तर त्यांना माझ्याकडे पाठवा. दुखणं गेलेलं नाही. पूर्वी ते मला फरफटत न्यायचं, आता दंडाला धरून नेतं, एवढाच फरक आहे. पण तेवढ्या फरकात माझं घर मावतं.

चौथा महिना

सलग तीन महिने झाले. चौथ्या महिन्यात गार्गीनं पिशवी भरायला घेतली तेव्हा सुधीर म्हणाला, या वेळी नको. ती माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "नक्की?" त्यानं मान डोलावली. तिनं युनिफॉर्म परत कपाटात ठेवला. ती नऊ वर्षांची झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी उभी होते. दुखत होतं, पण हातात काम होतं. सुधीर पहिल्या शिफ्टला गेलेला, सासूबाई देवळात. गार्गी डबा घ्यायला आली आणि तिच्या कोपराचा धक्का लागून मेथीची गरम भाजी असलेली कढई ओट्यावरून खाली गेली. फरशीवर भाजी, माझ्या पायावर तेल. पाय भाजला म्हणून मी वळले. फडकं घ्यायला वळले होते.

तिचे दोन्ही हात डोक्यावर गेले. कोपरं चेहऱ्यासमोर, मान खाली, पाठ फ्रिजला टेकलेली. इतक्या झटकन आणि इतक्या सवयीनं, जसं कुणी रोज करतं तसं. मी हात उचललाही नव्हता.

त्या क्षणी मला कळलं की ज्वारीनं आणि जवसानं माझं पोट शांत केलं होतं, आणि एवढ्या महिन्यांत या पोरीशी मी त्या दिवसाबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. दुखण्यानं मारलं, असं आजीनं सांगितलं होतं, आणि त्यामागे मी आरामात लपले होते. मी तिथंच भाजीत खाली बसले. पोट दुखत होतं, पाय जळत होता आणि हात मांडीवर, तिला दिसतील असे ठेवले.

"गार्गी," मी म्हटलं, "तुझा कान फाटला त्या दिवशी दुखण्यानं नाही मारलं. मी मारलं. माझं चुकलं."

कोपरांच्या फटीतून तिनं माझ्याकडे बघितलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आजी खोटं सांगते. हात तुझाच होता."

"हो," मी म्हटलं. "माझाच होता."

शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवून निघून गेली. मग तिनं एक हात हळूहळू खाली घेतला. दुसरा कानावर होता. तो काढ असं मी म्हटलं नाही.